ऑटोक्लेव्हमध्ये पुरेसा दाब असूनही लॅमिनेटमध्ये पोकळ्या का राहतात?

तुम्ही म्हणताय की कार्बन-इपॉक्सी प्रीप्रेगच्या (आधीच रेझिन मुरवलेल्या कार्बन तंतूंच्या थरांच्या) क्युअरिंगच्या, म्हणजे तापवून कडक करण्याच्या, मॉडेलमध्ये 7 ॲटमॉस्फिअर दाब घातला तर पोकळ्या शून्य येतात, पण प्रत्यक्ष पार्ट (थर रचून केलेलं लॅमिनेट) कापून मायक्रोस्कोपखाली धरला की त्या दिसतात. माझा पहिला संशय असा, की रेझिनचा दाब म्हणून तुम्ही ऑटोक्लेव्हचाच (थर ज्यात दाबून तापवतात त्या बंद पात्राचाच) दाब धरलाय. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं.

कार्डोस आणि सहकाऱ्यांनी 1980च्या दशकात दिलेला निकष वापरून बघा. पाण्याच्या वाफेमुळे पोकळी वाढू नये म्हणून रेझिनमध्ये किमान इतका दाब हवा: 4962 × सापेक्ष आर्द्रता × घातांकी(−4892 ÷ तापमान), म्हणजे e चा कंसातला घात. आर्द्रता टक्क्यांत, तापमान केल्विनमध्ये, उत्तर ॲटमॉस्फिअरमध्ये. आर्द्रता म्हणजे प्रीप्रेग ज्या हवेत मुरला त्या हवेची. 50 टक्के आणि 177 अंश सेल्सिअसला उत्तर येतं साधारण 4.7. म्हणजे 7 भरपूर वाटतात. पण रेझिन ब्लीडरमध्ये (जास्तीचं रेझिन शोषणाऱ्या कापडात) वाहून गेलं की तंतू एकमेकांवर टेकतात आणि भार स्वतःच्या अंगावर घेतात. त्यांनी 40 टक्के उचलला तर रेझिनच्या वाट्याला उरतात 4.2, आणि पोकळी वाढायला मोकळी! जास्त ब्लीडिंग म्हणजे चांगला पार्ट, हा समज म्हणूनच धोक्याचा.

आर्द्रता 80 टक्के धरलीत तर गरज 7.5 वर जाते, तेव्हा तर अख्खा ऑटोक्लेव्हही अपुरा. आपल्याकडे पावसाळ्यात लेअपच्या (थर रचण्याच्या) खोलीतलं डीह्युमिडिफायर बंद पडलं की हेच होतं. फ्रीझरमधला रोल खोलीच्या तापमानाला येण्याआधी पिशवी फोडली तर वर दवही धरतं.

तेव्हा रेझिनच्या प्रवाहाचं समीकरण (सच्छिद्र माध्यमातल्या प्रवाहाचा डार्सीचा नियम), तंतूंच्या थराची भार-दाब वक्ररेषा आणि क्युअरची गती एकत्र सोडवा. जेल झाल्यावर, म्हणजे रेझिन वाहायचं थांबल्यावर, पोकळी आहे तशी गोठते, त्यामुळे खरी लढाई त्याआधीची.

अडकलेली हवा हा वेगळा हिशेब. ऑटोक्लेव्हशिवाय, नुसत्या व्हॅक्यूम बॅगवर क्युअर होणाऱ्या प्रीप्रेगमध्ये ती कडेपर्यंत तंतूंमधल्या कोरड्या वाटांनी जाते, आणि लागणारा वेळ लांबीच्या वर्गाच्या पटीत वाढतो. लांबी दुप्पट, वेळ चौपट.

रेझिन इपॉक्सीऐवजी फिनॉलिक किंवा पीएमआर-15 (एक पॉलिइमाइड) असेल तर मात्र हा निकष पुरत नाही. तिथे रासायनिक क्रियेतूनच पाणी, पीएमआर-15 मध्ये मिथेनॉलही, निघत राहतं. मॉडेलमध्ये त्याचं स्रोत-पद (ते किती वेगाने तयार होतं हे सांगणारं पद) घालावंच लागतं.