सॅन होजेहून लेक टाहोला जाताना चेन (बर्फात घसरू नये म्हणून टायरवर चढवायच्या साखळ्या) कुठून कुठपर्यंत लागतात, हे नकाशावर कळतं का?

कळतं, पण सकाळी बघितलेला नकाशा दुपारी शिळा होतो. तुम्ही विचारलंय की जानेवारीत जाताना कोणत्या पट्ट्यात चेन लावाव्या लागतील. असा ठरलेला पट्टा नाही. टाहोला जाणाऱ्या दोन मुख्य रस्त्यांपैकी आय-८० डॉनर समिट या घाटमाथ्यावर ७,२३९ फुटांवर जातो, हायवे ५० एको समिटला ७,३८२ फुटांवर. वादळ जसं खाली उतरेल तसा चेन तपासायचा नाकाही खाली सरकतो आणि बर्फ उपसला की परत वर जातो.

म्हणून कॅलट्रान्सचा (कॅलिफोर्नियाच्या वाहतूक खात्याचा) क्विकमॅप हा ऑनलाइन नकाशा उघडा आणि त्यात 'चेन कंट्रोल'चा थर चालू करा. रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांचाही करा, कारण रस्ता काळा दिसतोय की पांढरा हे डोळ्यांनी बघितलेलं बरं. निघताना एकदा आणि चढ सुरू व्हायच्या आधी थांबून पुन्हा एकदा बघा.

तिथे तीन खुणा दिसतील. आर-१ असेल तर बर्फाचे टायर असलेल्या साध्या कारला चेन न लावता सोडतात, पण चेन डिकीत हव्यातच. (टायरच्या कडेला एम आणि एस, म्हणजे 'मड' आणि 'स्नो', ही अक्षरं आहेत का बघा.) आर-२ ला सूट फक्त फोर-व्हील आणि ऑल-व्हील ड्राइव्हला, तीही चारही टायर बर्फाचे असतील तर, चेन त्यांनीही बाळगायच्याच. 'माझी एसयूव्ही आहे, मला काय' म्हणणारे इथेच अडकतात. आर-३ म्हणजे सगळ्यांना चेन, पण ती वेळ क्वचित येते. त्याआधी रस्ताच बंद करतात.

रस्ता बंद झाला की फोनवरचा नकाशा हमखास एखादी आडवाट सुचवतो. जाऊ नका. जंगलातल्या कित्येक रस्त्यांवरचा बर्फ हिवाळ्यात कोणी काढत नाही, आणि तिथे मोबाइलला रेंजही नसते.

आता माझी फजिती. पहिल्या वर्षी ऐन बर्फात गाडी कडेला घेतली, गुडघ्याखाली पायपुसणं टाकलं आणि पाऊण तास खपून मागच्या चाकांना चेन चढवल्या. आतल्या बाजूचा हूक काही केल्या अडकेना, हातमोजे काढले तर बोटं बधिर. बायको खिडकीतून दशमीचे तुकडे भरवत होती. नाक्यावरच्या माणसाने वाकून बघितलं आणि हसून पुढच्या चाकांकडे बोट दाखवलं. गाडी फ्रंट-व्हील ड्राइव्ह! चेन त्याच चाकांना लागतात ज्यांना इंजिन फिरवतं. मग क्रमांकाचा बिल्ला लावून उभ्या असलेल्या परवानाधारक माणसाला पैसे दिले, त्याने दहा मिनिटांत काम उरकलं.

तेव्हा घरच्या गॅरेजमध्ये एकदा तरी चढवून-उतरवून बघा. चढवल्यावर थोडं अंतर जाऊन पुन्हा घट्ट करा, आणि ताशी २५-३० मैलांच्या वर जाऊ नका. गाडी भाड्याची असेल तर आधी करार वाचा. अनेक कंपन्या चेन लावायलाच मनाई करतात. तसं असेल तर स्वच्छ हवेचा शनिवार-रविवार निवडा.