‘प्यूनिक’चा दंडाशी संबंध नाही, डाळिंबाशी आहे

प्रश्न: रोम आणि उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज नगर यांच्यातल्या युद्धांना ‘प्यूनिक युद्धं’ का म्हणतात? इंग्रजीतल्या ‘पनिश’शी त्याचं नातं धरून ‘दंडयुद्धं’ असा मराठी पर्याय चालेल का? आणि लिहायचं कसं: ‘प्युनिक’, ‘प्यूनिक’ की ‘पूनिक’?

‘दंडयुद्धं’ अजिबात चालणार नाही. हे दंडाचं प्रकरण हल्ली सारखं कानावर येतं आणि दर वेळी त्यासोबत तेच कारण जोडलेलं असतं: रोमने कार्थेजकडून जबर खंडणी घेतली, म्हणून हे नाव. खंडणी घेतली हे खरंच. दुसरं युद्ध संपताना, इ.स.पू. 201च्या तहात, 10,000 टॅलेंट चांदी 50 वार्षिक हप्त्यांत द्यायची ठरली होती. एक टॅलेंट साधारण 26 किलोचा, म्हणजे वर्षाला पाच टनांहून जास्त चांदी. पण कार्थेजने ती पूर्ण फेडली. शेवटचा हप्ता इ.स.पू. 151मध्ये संपला आणि तिसरं, म्हणजे शेवटचं, युद्ध सुरू झालं 149मध्ये. दंड थकला म्हणून रोम चालून गेलं, असं म्हणायला जागाच उरत नाही.

‘प्यूनिक’ हे शत्रूचं नाव आहे. लॅटिनमध्ये कार्थेजच्या माणसाला ‘पोएनुस’ म्हणत आणि त्याचं विशेषण ‘पूनिकुस’. आपण ‘इंग्रज-मराठा युद्धं’ म्हणताना दोन्ही पक्षांची नावं घेतो. रोमनांनी फक्त समोरच्याचं नाव घेतलं आणि जिंकणाऱ्याचाच शब्द पुढे चालला.

गोंधळ का होतो तेही सांगतो, कारण त्याचं मूळ खरोखर सुरेख आहे. लॅटिनमध्ये दंडाला ‘पोएना’ म्हणतात आणि दंड करण्याला ‘पूनीरे’. जुन्या लॅटिनमधल्या ‘ओइ’ या जोडस्वराचा काही शब्दांत ‘ओए’ झाला, काहींत दीर्घ ‘ऊ’. म्हणून ‘पोएनुस’चं ‘पूनिकुस’ आणि ‘पोएना’चं ‘पूनीरे’. दोन वेगळ्या घरचे शब्द एकाच साच्यातून गेले आणि जुळ्यांसारखे दिसू लागले. ‘पोएना’ आला ग्रीक ‘पोइने’वरून, म्हणजे रक्ताची भरपाई. ‘पोएनुस’ आला ग्रीक ‘फोइनिक्स’वरून.

हा ‘फ’ आपल्या ‘फळ’मधला फ आहे, ओठ मिटून सोडलेला महाप्राण, इंग्रजी ‘फॅन’मधला नव्हे. जुन्या लॅटिनमध्ये महाप्राण नव्हतेच, त्यामुळे ‘फो’चा ‘पो’ झाला. हिंदीतला ‘हाथ’ मराठीत ‘हात’ होतो, ‘भूख’ची ‘भूक’ होते, तसंच हे. पुढे ग्रीक शिकलेल्या रोमनांनी तोच शब्द ‘ह’कारासकट पुन्हा उचलला आणि त्यावरून ‘फिनिशियन’ आले, म्हणजे लेबनॉनच्या किनाऱ्यावरचे लोक; कार्थेज ही त्यांचीच वसाहत. फिनिशियन आणि प्यूनिक हा एकच शब्द दोनदा उसना घेतलेला आहे.

आता खरी गंमत. ‘फोइनिक्स’ म्हणजे काय? तांबडा-जांभळा रंग, खजुराचं झाड आणि लेबनॉनच्या किनाऱ्यावरचा व्यापारी, असे तिन्ही अर्थ. रंग आधी की माणसं आधी, यावर अभ्यासक भांडतात. मी ठामपणे रंगाच्या बाजूचा आहे. ग्रीक महाकवी होमरमध्ये ‘फोइनोस’ हा शब्द रक्ताने माखलेल्या लालीसाठी येतो, तिथे व्यापाऱ्यांचा काही संबंध नाही. त्याहून जुना पुरावा क्रीटमधल्या क्नोसोसच्या मातीच्या पाट्यांवर आहे. तिथे ‘पो-नि-कि-या’ हे विशेषण रथांना लावलेलं आहे: लाल रंगवलेले रथ. समुद्री गोगलगायींपासून जांभळा रंग काढणाऱ्यांना ग्रीकांनी ‘लालवाले’ म्हटलं, इतकं ते सरळ आहे. तो रंग मिळवायचे कष्ट ऐका: 1909 साली पाउल फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने 12,000 गोगलगायी फोडल्या, तेव्हा हाती आला 1.4 ग्रॅम रंग. अशी वस्तू विकणाऱ्याची ओळख रंगावरून पडणारच.

आपल्याकडच्या काही विद्वानांना मात्र फिनिशियन हे ऋग्वेदातले ‘पणि’ वाटतात. व्यापारी तेही आणि हेही, म्हणून एकच! हे साफ चूक आहे. ‘पणि’मधला प अल्पप्राण आहे, तो ग्रीकमध्ये उसना गेला असता तर ‘प’च राहिला असता, ग्रीकांकडे प आणि फ दोन्ही होते. ‘अ’चा ‘ओइ’ कसा झाला, याचंही उत्तर हे लोक देत नाहीत. आणि ‘फोइनिक्स’ हे त्या लोकांनी स्वतः घेतलेलं नावच नव्हे. ते स्वतःला आपापल्या शहराच्या नावाने ओळखत, नाहीतर कनानी, म्हणजे कनान प्रदेशातले, म्हणत. ख्रिस्ती संत ऑगस्टिनच्या काळापर्यंत, म्हणजे कार्थेज जळून साडेपाचशे वर्षं झाल्यावरही, उत्तर आफ्रिकेतले शेतकरी आपण कनानी असल्याचं सांगत होते. लॅटिनमधला प पाहून ‘पणि’कडे धावणाऱ्यांनी मधला ग्रीक फ वगळलेला असतो.

शब्दाचा हा खेळ कार्थेजलाही ठाऊक होता, असं मला वाटतं. सिसिलीतल्या लढायांत भाडोत्री सैनिकांचे पगार भागवायला त्यांनी चांदीची नाणी पाडली. एका बाजूला घोडा, दुसऱ्या बाजूला खजुराचं झाड, दोन्ही अंगांना लोंबणारे खजुराचे घड. खाली प्यूनिक लिपीत कधी ‘कर्त-हदश्त’, म्हणजे ‘नवं नगर’ (कार्थेजचं मूळ नाव हेच), तर कधी ‘मह्नत’, म्हणजे छावणी. अक्षरं ग्रीकांना वाचता येत नव्हती, पण झाड वाचता येत होतं: ‘फोइनिक्स’. नाणं कोणाचं, ते चित्रानेच सांगितलं.

‘पूनिकुस’ आणि ‘फोइनिक्स’ ही दोन्ही आडनावं आज आपल्या बांधावर उभी आहेत. रोमन लोक डाळिंबाला ‘मालुम पूनिकुम’ म्हणत, म्हणजे प्यूनिक फळ, कारण त्यांच्या बाजारातला नावाजलेला माल कार्थेजच्या मुलखातून येई. झाड मुळात इराणच्या बाजूचं. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1753मध्ये हेच नाव पक्कं केलं: ‘पुनिका ग्रॅनाटम’, यातला ‘ग्रॅनाटम’ म्हणजे दाणेदार. म्हणजे सोलापूर-सांगोल्याच्या बागेतल्या प्रत्येक झाडाच्या शास्त्रीय नावात कार्थेज आहे. आणि आपल्या वाणांची नावं काय? ‘भगवा’ आणि ‘आरक्ता’. आरक्त म्हणजे लालसर, ‘फोइनोस’ म्हणजेही तेच. दुसरं झाड शिंदीचं. त्याचं शास्त्रीय नाव ‘फिनिक्स सिल्व्हेस्ट्रिस’, रानातला फोइनिक्स. नीरा याच झाडाची, आणि लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू वाहतात ती केरसुणीही शिंदीच्याच पानांची.

लेखनाचं राहिलंच. ‘प्यू’मधला य इंग्रजी तोंडाचा आहे, ‘ट्यूब’मध्ये येतो तसा. लॅटिनमध्ये तो नाही, उकार मात्र दीर्घ आहे. मूळ उच्चाराला धरून लिहायचं तर ‘पूनिक’ लिहा. रुळलेलं रूप हवं असेल तर ‘प्यूनिक’ लिहा. ‘प्यु’ ऱ्हस्व करू नका.