केबल लावली की इंटरनेट जातं? आधी आकडे बघा

तुमची पोस्ट वाचली आणि तीन वर्षांपूर्वीचा माझा आठवडा आठवला. तुम्ही लिहिलंय तसंच: जुना डेस्कटॉप, नवा लॅपटॉप, दोन्ही वायफायवर, फाइली कॉपी करायला मध्ये थेट एक लॅन केबल, तिच्यासाठी एकाला १९२.१६८.१.१ हा आयपी पत्ता (नेटवर्कमधला कॉम्प्युटरचा नंबर) दिला, दुसऱ्याला १९२.१६८.१.२; आणि केबल लावली रे लावली की दोन्हींवरचं इंटरनेट गायब, मोबाइलवर मात्र चालू. अगदी हेच केलं होतं मी. मी यातला जाणकार नाही, बँकेत नोकरी करतो. विंडोजपुरतंच सांगतोय, लिनक्सवाल्यांनी क्षमा करावी.

केबल खटकन बसली का, दिवे लागले का, हे तुम्ही पाहिलं असणारच.

माझा घोळ असा की बहुतेक घरांत राउटरचाच पत्ता १९२.१६८.१.१ असतो. (काहींचा १९२.१६८.०.१ असतो, तुमचा डिफॉल्ट गेटवे, म्हणजे राउटरचा पत्ता, कोणता ते कमांड प्रॉम्प्टमध्ये 'ipconfig' टाइप केलं की दिसेल.) मी तोच पत्ता डेस्कटॉपला देऊन बसलो. मग डेस्कटॉपला वाटतं राउटर म्हणजे आपणच, आणि लॅपटॉप वायफाय सोडून राउटर शोधायला केबलमधून डेस्कटॉपकडे जातो. दोघंही बसले वाट बघत.

मी इंटरनेट कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला. "सर, राउटर बंद करून चालू करा." केला. "पुन्हा करा." चार दिवसांनी माणूस आला. पायात येते म्हणून मी त्याच सकाळी केबल काढून ठेवली होती, त्यामुळे सगळं झकास चालू! त्याने राउटरचा अ‍ॅडॅप्टर बदलला, साडेतीनशे रुपये घेतले आणि गेला. संध्याकाळी केबल लावली, इंटरनेट गेलं. मग दुकानदार म्हणाला, लॅन कार्ड उडालंय. तेही बदललं. 'इंटरनेट केबल लावल्यावरच जातं का?' एवढा एक प्रश्न कोणी विचारला असता तर माझे पैसे आणि आठवडा वाचला असता. विचारला नाही. मीही आपणहून सांगितलं नाही, हे कबूल.

तर केबलला वायफायपेक्षा वेगळी पत्त्यांची मालिका द्या. डेस्कटॉपला १०.१०.१०.१, लॅपटॉपला १०.१०.१०.२, सबनेट मास्क (मालिका कुठवर ते ठरवणारा आकडा) दोन्हीकडे २५५.२५५.२५५.०. तिथलेच गेटवे आणि डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणारा सर्व्हर) हे रकाने रिकामे ठेवा. रिकामे म्हणजे रिकामे! रकाना दिसला की भरायची आपल्याला खोड असते.

पिंगला (समोरचा कॉम्प्युटर उत्तर देतो का ते बघणाऱ्या कमांडला) उत्तर आलं नाही म्हणून केबलला शिव्या घालू नका. विंडोजची फायरवॉल पिंग बरेचदा अडवते, आणि असं अनोळखी नेटवर्क ती 'पब्लिक' धरते, त्यामुळे फाइल शेअरिंगही बंद असतं. शेअरिंग तेवढ्यापुरतं चालू करा, काम झालं की आठवणीने बंद करा. लॅपटॉपवरून डेस्कटॉपचं फोल्डर उघडताना कॉम्प्युटरचं नाव टाकू नका, नावाने गेलात तर लॅपटॉप वायफायवरूनही जाऊ शकतो आणि तुम्ही वेगाच्या नावाने रडत बसाल. फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे १०.१०.१०.१ (\\10.10.10.1), बस्स. पासवर्ड मागितला तर विंडोज उघडायचा पिन चालत नाही, डेस्कटॉपवरच्या खात्याचा खरा पासवर्ड लागतो. डेस्कटॉपला पासवर्डच ठेवला नसेल तरी तो आत घेत नाही, आधी ठेवा.

दुकानदार क्रॉस केबल (एका टोकाला तारांची अदलाबदल केलेली) गळ्यात मारेल. गिगाबिट (१००० एमबीपीएसचे) पोर्ट सहसा साध्या केबलवर आपापलं जुळवून घेतात. दोन्हीकडे फार जुनी १०० एमबीपीएसची कार्डं असतील तरच तिचा विचार करा. हां, केबल स्थानिक बनावटीची असेल तर आत आठही तारा जोडल्यात का बघा. चारच असतील तर वेग सेकंदाला अकरा-बारा एमबीवर अडकतो, आठ धड असतील तर शंभरच्या पुढे जातो. माझे वडिलांचे ३०० जीबी फोटो होते, त्यामुळे हा फरक चांगलाच कळला.

आणि एकदाच कॉपी करायची असेल तर, खरं सांगू? कोणाकडून तरी एक टीबीची पोर्टेबल डिस्क मागून आणा. हे मला बायकोने पहिल्याच दिवशी सुचवलं होतं.