वाचकांचे प्रश्न: गाय दुधावर आहे, माजावर मात्र येत नाही

प्रश्न (सिन्नर तालुका): संकरित होल्स्टिन गाय, दुसरं वेत, व्यायला 85 दिवस झाले. वजन अंदाजे 450 किलो, दूध 18 लिटर. माज एकदाही दिसला नाही. रोज 25 किलो हिरवा मका, 3 किलो सरकी पेंड आणि 2 किलो मका भरडा देतो. माजाचं इंजेक्शन देऊन टाकावं का?

उत्तर: इंजेक्शनाआधी गव्हाणीचा हिशेब करा. हिरव्या मक्यात पाचात चार भाग पाणीच असतं. म्हणजे 25 किलोतून कोरडा चारा 5 किलो आणि पेंड-भरड्याच्या 5 किलो खुराकातून ओल वजा जाता साडेचार, असे एकूण साडेनऊ किलो कोरडं खाद्य पोटात जातं. एवढ्या दुधाला 14 ते 15 किलो लागतात. तूट गाय अंगावरची चरबी वितळवून भरते आणि दूध चालू ठेवते. म्हणून दूध बघून गाय ठीक आहे असं वाटतं.

तुटीच्या काळात रक्तातली साखर आणि इन्सुलिन उतरतं, यकृतातून येणारं आयजीएफ-1 हे वाढीचं संप्रेरक कमी होतं आणि मेंदूकडून एलएच या संप्रेरकाचे ठोके विरळ पडतात. अंडाशयावर बीजपुटक (ज्यात बीज वाढतं ती पाण्याची पुळी) वाढतं, पण फुटत नाही. सुकतं आणि त्याच्या जागी दुसरं येतं. बीजपुटक तयार व्हायला दोन महिन्यांहून जास्त लागतात, त्यामुळे व्याल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांतली उपासमार आत्ता दिसते आहे. आज पेंड वाढवली म्हणून सोमवारी माज येणार नाही.

गाईच्या मागे उभं राहून शेपटीच्या बुडाजवळचे दोन्ही खड्डे बघा. अंगावरच्या चरबीच्या 1 ते 5 या मोजमापात व्यायच्या वेळी अंग 3 ते 3.5 असावं, नंतर अर्ध्या अंकापर्यंत उतरलं तर चालतं. पूर्ण अंक उतरला की गाभण राहणं अवघड होतं. (फार लठ्ठ गाय व्याली तरी बरं नाही; तीच सगळ्यात कमी खाते.)

आता आहार: मुरघास 20 किलो, कडबा किंवा सुका चारा 3 किलो, खुराक साडेसात किलो. खुराक एकदम वाढवू नका. दर दोन दिवसांनी अर्धा किलो वाढवा आणि दिवसातून तीन-चार वेळा वाटून द्या. भरडा एकदम वाढला की पोट आंबतं, गाय खाणं सोडते आणि तूट उलट वाढते. बायपास फॅट (पहिल्या पोटात न विरघळता पुढे जाऊन पचणारी चरबी) 150 ग्रॅम द्या; साधं तेल ओतलं तर चाऱ्याचं पचन बिघडतं. खनिज मिश्रण रोज 50 ते 100 ग्रॅम.

इंजेक्शनाबद्दल: माजाच्या इंजेक्शनातलं प्रोस्टाग्लँडिन फक्त अंडाशयावरचा पीतपिंड (बीज सुटल्यावर तिथे तयार होणारी, पुढचा माज रोखून धरणारी गाठ) विरघळवतं. पीतपिंडच नसेल तर विरघळवायचं काय? म्हणून आधी पशुवैद्यकांकडून तपासणी. पीतपिंड असेल तर गाय मुक्या माजाची आहे, म्हणजे माज येतो पण बाहेर दिसत नाही; तिथे इंजेक्शन लागू पडतं. अंडाशय सपाट असेल तर प्रोजेस्टेरॉनचं साधन आत बसवण्याचा विचार डॉक्टर करतील, पण तोही अंग सावरल्यावर. मधल्या काळात रेतन झालं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. गाभण गाईला प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन दिलं तर गर्भ जातो. माज टिपायला पहाटे पाच आणि रात्री दहाला वीस-वीस मिनिटं गोठ्यात उभे राहा. जास्त दुधाच्या गाईचं यकृत माजाचं संप्रेरक लवकर संपवतं, त्यामुळे माज काही तासांचाच असतो.

प्रश्न (निफाड तालुका): गाईला तीन वेळा रेतन केलं, दर 21 दिवसांनी उलटते, म्हणजे पुन्हा माजावर येते. सोट (माजाच्या वेळी येणारा चिकट स्राव) काचेसारखा स्वच्छ. भरपूर लसूणघास आणि 4 किलो शेंगदाणा पेंड देतो. आणखी काय द्यावं?

उत्तर: आणखी नको, कमी करा. पोटात झटकन विरघळणारी प्रथिनं जास्त आणि त्यांना पुरेल एवढी ऊर्जा कमी, असं झालंय. उरलेल्या अमोनियाचा यकृत युरिया करतं, त्यातही ऊर्जा खर्च होते. युरिया रक्तातून गर्भाशयात जातो आणि तिथली आम्लता बदलून कोवळ्या गर्भाला नकोशी करतो. दुधातला युरिया नायट्रोजन तपासून घ्या. 100 मिलिलिटरला 20 मिलिग्रॅमच्या वर असेल तर हेच कारण धरा. पेंड दोन किलोवर आणा, तितकाच मका भरडा वाढवा, लसूणघासाबरोबर सुका चारा मिसळा.

गर्भाला साधारण सोळाव्या दिवसापर्यंत आपण आहोत हे गर्भाशयाला कळवावं लागतं. गर्भ कमजोर असला की निरोप पोचत नाही, पीतपिंड विरघळतो आणि एकविसाव्या दिवशी पुन्हा माज. रेतनाची वेळही बघा: सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. सोटात पुवाचे कण दिसले तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून आधी गर्भाशयाचा इलाज.

प्रश्न (येवला तालुका): व्यायच्या आधी महिनाभर कॅल्शियम पाजावं का?

उत्तर: नाही. बाहेरून मुबलक कॅल्शियम मिळालं की हाडांतून ते काढणारी ग्रंथी सुस्तावते आणि ऐन व्यायच्या दिवशी कामाला येत नाही. शेवटच्या तीन आठवड्यांत लसूणघासही बंद ठेवा. व्याल्याबरोबर मात्र तोंडाने कॅल्शियम द्या. ते कमी पडलं तर गर्भाशयाची पकड ढिली पडते, वार अडकते, आत पू होतो आणि माजाचा प्रश्न दोन महिन्यांनी तुमच्या दारात येतो. वार 24 तासांत पडली नाही तर हाताने ओढू नका, डॉक्टरांना बोलवा.