जुन्या नॉर्वेतले 'फिन' नेमके कोण?

प्रश्न आला आहे तो असा : नवव्या शतकातल्या एका उत्तरेकडच्या प्रवासवृत्तान्तात 'फिन' लोक येतात. मराठीत त्यांना फिनलंडचे लोक म्हणायचे, लॅप म्हणायचे की सामी?

माझे उत्तर 'सामी', म्हणजे उत्तर युरोपातले मूळ रहिवासी, असे आहे. हा वृत्तान्त ओत्तारचा. तो उत्तर नॉर्वेतल्या होलोगालानचा राहणारा. साधारण 890च्या सुमारास त्याने इंग्लंडातल्या वेसेक्स राज्याच्या आल्फ्रेड राजाला आपल्या मुलखाची हकिकत सांगितली आणि ती जुन्या इंग्रजीत लिहून ठेवली गेली. त्याच्याकडे गाईगुरे जेमतेम वीस, पण माणसाळलेले रेनडिअर सहाशे. खरी मिळकत मात्र 'फिन' लोकांकडून येणाऱ्या खंडणीची : कातडी, पिसे, जहाजाचे दोर. त्यांच्यातल्या सर्वांत मातब्बराने मार्टेन या मुंगसासारख्या लवदार प्राण्याची पंधरा कातडी, रेनडिअरची पाच, अस्वलाचे एक, शिवाय आणखी बरेच काही द्यायचे. शिकार, मासेमारी आणि पाखरे धरणे यांवर जगणारी ही माणसे आजच्या सामींचे पूर्वज होत. नॉर्वेच्या टोकाचा 'फिनमार्क' हा प्रांत त्यांच्याच नावाने ओळखला जातो, फिनलंडच्या नव्हे.

घोटाळा होतो तो इथेच. नॉर्वेत 'फिन' म्हणजे सामी, तर शेजारच्या स्वीडनमध्ये तोच शब्द फिनिश बोलणाऱ्यांसाठी रुळला आणि सामींना 'लॅप' म्हणू लागले. म्हणून जुन्या मजकुरात हा शब्द दिसला की लिहिणारा कुठला, हे आधी पाहावे. रोमन इतिहासकार टॅसिटसने इसवी सन 98मध्ये 'फेन्नी' लिहिले, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर नेमके कोण होते यावर अभ्यासकांचे एकमत नाही. तिथे मूळ शब्दच ठेवणे प्रामाणिकपणाचे. फिनिश लोक स्वतःला 'सुओमालाइनेन' म्हणतात. 'फिन' हे त्यांना बाहेरच्यांनी दिलेले नाव.

ओत्तारच्याच हकिकतीत 'क्वेन' येतात, हलक्या होड्या खांद्यावर घेऊन डोंगर ओलांडणारे. अकराव्या शतकात ब्रेमेनचा आडाम या जर्मन इतिहासकाराने उत्तरेत बायकांचा देश असल्याचे लिहून ठेवले. 'क्वेन' हा शब्द स्त्रीवाचक शब्दासारखा ऐकू आल्याने तो फसला असावा, असे बहुतेक मानतात. मला तर मच्छिंद्रनाथाचे स्त्रीराज्यच आठवले. आज नॉर्वेत क्वेन हा मान्यताप्राप्त राष्ट्रीय अल्पसंख्य समाज आहे आणि 2005पासून त्यांच्या बोलीला स्वतंत्र भाषेचा दर्जा आहे. हे बहुतांशी अठराव्या-एकोणिसाव्या शतकात आलेल्या फिनिशभाषकांचे वंशज. ओत्तारच्या क्वेनांशी त्यांचे नाते किती, हा वाद अजून धगधगता आहे. तेव्हा दोघांसाठी 'क्वेन' लिहावे, पण काळ स्पष्ट करावा.

'लॅप' मात्र टाळाच. सामींना तो शब्द हिणवणारा वाटतो, आणि तो कुठून आला याच्या चर्चेने त्यांचा अपमान कमी होत नाही. ज्यांचे नाव त्यांचा शब्द, इतके तरी आपण पाळलेच पाहिजे. जुन्या मजकुरातले अवतरणच द्यायचे असेल तर गोष्ट वेगळी. फिनलंड आणि स्वीडनमध्ये 'लॅपलँड' नावाचे प्रांत आहेत. त्या प्रांतांविषयी लिहिताना ते नाव ठेवायला हरकत नाही. पण नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाचे कोला द्वीपकल्प यांत पसरलेली सामींची भूमी सांगायची असेल, तर तिला 'साप्मी' म्हणावे.