स्कॉलरशिप अडकली म्हणून पोरीचं हॉल तिकीट अडवता येते का?

भाऊ, तुमचा मेसेज दोनदा वाचला. मुलगी नागपुरातल्या खासगी कॉलेजात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, अॅडमिशन कॅप राउंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून), ओबीसी, घरचं उत्पन्न साडेपाच लाख, सरकारचे पैसे अजून जमा नाहीत म्हणून कॉलेज म्हणते की पूर्ण ट्यूशन फी आत्ताच भरा नाहीतर हॉल तिकीट विसरा, वरून यंदा फी पण वाढवली.

पहिले तर उसनेपासने करून भरू नका. जुलै 2024 च्या जीआरनं 8 लाखांच्या आतल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींची ट्यूशन अन् एक्झाम फी शंभर टक्के माफ केली आहे, आधी निम्मीच होती, आणि हे जुन्या म्हणजे रिन्यूअलवाल्या मुलींनाही लागू आहे. फक्त कॉलेज अभिमत (डीम्ड) किंवा खासगी विद्यापीठाचं नको. होस्टेल, बस हे मात्र तुमचंच, ते थकलं असेल तर भरून टाका, उगाच तिथं भांडू नका.

आता खरी गोम. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलवर, मुलीचा अर्ज नेमका कुठं अडकला ते बघा. माझ्याकडं येणाऱ्या अशा केसेसमध्ये बरेचदा अर्ज कॉलेजच्याच लॉगिनला पडून असतो, क्लार्कनं पुढं ढकललाच नाही, आणि दोष सरकारच्या नावावर! तसं असलं तर तुमची बाजू एकदम भक्कम. पण नॉन क्रीमीलेयर किंवा उत्पन्नाच्या दाखल्यात चूक म्हणून अर्ज परत आला असेल तर ती आजच्या आज दुरुस्त करा, तिथं मी काय अन् कोर्ट काय, कोणी वाचवणार नाही. आधार लिंक असलेलं खातंही तपासा, पैसे तिथं पडले असतील तर ते कॉलेजचेच.

"सरकारनं नाही दिले तर मी भरीन" असं काही लिहून द्यायला लावत असतील तर सही करू नका.

फीवाढीचं म्हणाल तर फी रेग्युलेटिंग अथॉरिटीच्या साइटवर तुमच्या कॉलेजची त्या वर्षाची मंजूर फी पाहा, पावतीवर त्याहून जास्त दिसली तर 2015 च्या कायद्याखाली तिथंच तक्रार टाका.

हॉल तिकिटासाठी प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, इनवर्डचा शिक्का घ्या, तोंडी बोलणं कोर्टात शून्य. सोबत कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडं एक प्रत, यूजीसीच्या 2023 च्या नियमांनुसार त्यांना 15 कामाच्या दिवसांत रिपोर्ट द्यावा लागते, नाही पटलं तर पुढं विद्यापीठाचा लोकपाल. पण पेपर आठवड्यावर आला असेल तर एवढं थांबायला वेळ नाही, सरळ हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका टाका. वकिलाची फी परवडत नसेल तर खंडपीठाच्याच हायकोर्ट विधी सेवा उपसमितीकडं जा, महिलांना उत्पन्न न बघता वकील फुकट मिळते, अर्ज मात्र मुलीच्या नावानं करा.

पोर्टलच्या स्टेटसचा स्क्रीनशॉट पाठवा, आधार नंबर झाकून.