गाळाच्या थरांखाली गाडलेल्या पायाभूत खडकांचं वय कसं काढतात? आणि त्यातून खंडांचा इतिहास कसा कळतो?

आधी नमुना मिळवावा लागतो, आणि खरी अडचण तिथेच असते. बहुतेक नमुने तेलासाठी खोदलेल्या विहिरींच्या तळातून आलेले असतात, म्हणजे मुळात भलत्याच कामासाठी काढलेले! कधी ज्वालामुखीचा लाव्हा वर येताना खोलातले तुकडे ओढून आणतो.

मग खडक फोडून त्यातले झिरकॉन या खनिजाचे बारीक स्फटिक वेगळे करतात. झिरकॉन तयार होताना युरेनियम आत घेतो, शिसं मात्र जवळपास घेतच नाही. त्यामुळे आत सापडणारं शिसं बहुतांशी युरेनियमच्या क्षयातून आलेलं असतं, म्हणून दोघांचं प्रमाण मोजलं की वय निघतं. युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य (निम्मं युरेनियम क्षय पावायला लागणारा काळ) सुमारे ४४७ कोटी वर्षं, युरेनियम-२३५ चं सुमारे ७० कोटी. एकाच स्फटिकात दोन घड्याळं. दोन्ही एकच वेळ दाखवत असतील तर वय भरवशाचं. जुळत नसतील तर बहुधा नंतरच्या उष्णतेने किंवा द्रवांमुळे शिसं निसटलेलं असतं. शिवाय स्फटिकाचा गाभा जुना आणि कडा नवी असू शकते. माझ्या मते सगळ्यात मौल्यवान माहिती याच कडांत असते, कारण नंतरच्या टकरी आणि पर्वतनिर्मिती तिथे नोंदल्या जातात.

उदाहरण फ्लोरिडाचं घ्या. तिथे चुनखडीच्या जाड थरांखाली विहिरींत लागलेले खडक वयाने आणि जातीने पश्चिम आफ्रिकेतल्या खडकांशी जुळतात. म्हणजे सगळे खंड एकत्र असलेला प्राचीन पँजिया महाखंड फुटताना आफ्रिकेच्या बाजूचा हा तुकडा उत्तर अमेरिकेलाच चिकटून राहिला.

फक्त एका विहिरीवरून अख्ख्या प्रदेशाचा नकाशा काढू नये. मधली जागा गुरुत्व आणि चुंबकीय सर्वेक्षणाने (गुरुत्वाकर्षण आणि चुंबकत्वातले बारीक फरक मोजून) भरतात, तिथे मतभेद असतातच.